बालगृहाच्या दारात प्राध्यापक

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास नावाचे गाव आहे. तिथल्या मतिमंद मुलांच्या बालगृहात कुपोषणाने मुले दगावल्याच्या आणि लैंगिक अत्याचार झाल्याच्या बातम्या २०१० साली वर्तमानपत्रांत आल्या. संस्था खासगी होती, अनुदान सरकारी होते. मुंबई उच्च न्यायालयाने या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली आणि त्यातून उभ्या राहिलेल्या जनहित याचिकेत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या प्राध्यापक डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्यातल्या अशा सगळ्या बालगृहांत जाऊन पाहणी करायची, मुले कशी राहतात ते पाहायचे आणि न्यायालयाला कळवायचे, असे काम समितीकडे आले.

अनुदान घेणाऱ्या संस्थेची तपासणी व्हावी असा नियम आधीपासून होताच. अनुदान सुरू होते, म्हणजे कुठल्या तरी टेबलावरून कुठले तरी कागद पुढे सरकत होते. तरीही मुले उपाशी राहिली. शासनाचे अधिकारी, तपासणीचे नमुने, संस्थेचे विश्वस्त हे सगळे जागेवर असताना शिकवण्याचे काम करणाऱ्या एका बाईंना न्यायालयाला बोलवावे लागले, ही गोष्ट मला ठाणे जिल्ह्यातल्या बालकल्याणाच्या अलीकडच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते.

समितीच्या पाहणीतून २०११ साली पनवेलच्या एका बालगृहातला प्रकार उजेडात आला. तिथल्या मुलींपैकी काहींना ऐकू-बोलता येत नव्हते, काही मतिमंद होत्या. त्यांच्यावर संस्थेतच अत्याचार होत होते आणि ते सांगायला त्यांच्याकडे कोणी नव्हते. समितीने माहिती न्यायालयापुढे ठेवली, गुन्हा नोंदला गेला, खटला चालला आणि २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. ज्या मुली बोलू शकत नाहीत त्यांची साक्ष ग्राह्य कशी धरायची हा प्रश्न एरवी वकिलांच्या पुस्तकात पडून राहिला असता. इथे तो न्यायालयात सोडवावा लागला. तिथपर्यंत तो पोहोचला, कारण कोणी तरी बालगृहात जाऊन अधीक्षकाच्या खोलीत न थांबता मुलींजवळ जाऊन बसले होते.

बाजपेयी मूळच्या कायद्याच्या अभ्यासक. पण त्यांनी कायदा शिकवला तो समाजकार्याच्या संस्थेत. वकिलाला अशील आपल्याकडे येण्याची सवय असते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून क्षेत्रकार्यासाठी वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात पाठवतात. गृहभेट कशी द्यायची, मुलाशी प्रश्नपत्रिकेसारखे न बोलता कसे बोलायचे, ऐकलेले कसे नोंदवायचे, हे त्याला हाताला धरून शिकवले जाते. ‘चाइल्ड राइट्स इन इंडिया’ हे बाजपेयींचे पुस्तक २००३ साली आले, २०१७ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. कायदा, धोरण आणि प्रत्यक्ष व्यवहार या तिन्ही गोष्टी एकत्र मांडणे हे त्या पुस्तकाचे वैशिष्ट्य, आणि तेच त्यांच्या कारकिर्दीचेही. पुढे त्या टाटा संस्थेतल्या कायदा शाखेच्या पहिल्या अधिष्ठाता झाल्या. उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचे काम कवडास आणि पनवेलपुरते न राहता राज्याच्या बालसंरक्षण समन्वयापर्यंत गेले.

या वाटेवर चालणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. महाराष्ट्रात निराधार मुलांसाठीचे काम दयेतून सुरू झाले आणि बंडातूनही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपूरचे बालकाश्रम १८७५चे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा त्याआधीच, १८५७ साली उभी राहिली होती. मुंबई इलाख्याचा बालक कायदा १९२४ सालचा, आणि तो अमलात आणण्यासाठी चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ मध्ये स्थापन झाली. पण या सगळ्यांत काम करणाऱ्या माणसाचे शिक्षण हा भाग नव्हता. सद्‌भावना पुरेशी मानली जात असे. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू केले, तेव्हा ही समजूत पहिल्यांदा बदलली. पुढच्याच वर्षी विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र काढले. वर्ग आणि मूल एकाच संस्थेत आले. १९४४ पासून हीच संस्था टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखली जाते. डॉ. मा. स. गोरे यांनी १९६२ पासून वीस वर्षे तिची धुरा वाहिली आणि समाजकार्याचे शिक्षण हा भारतीय विद्यापीठांतला स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

ठाणे जिल्ह्याची स्वतःची परंपरा मात्र टाटा संस्थेच्या वाटेने आलेली नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावर न्यायची, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात न्यायची, असे प्रयोग या दोघींनी केले. बालशिक्षण, आंघोळ, खाणे आणि आरोग्य हे एकाच अंगणात आणण्याची ही रीत देशाने पुढे स्वीकारली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. त्यांचा विचार घेऊन आज मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला मात्र वेतन नाही, मानधन आहे. सेविका वर्षानुवर्षे संप करतात, आझाद मैदानावर बसतात. त्यांना शासकीय कर्मचारी मानावे ही त्यांची मुख्य मागणी आहे.

हीच तफावत बालसंरक्षणात जशीच्या तशी दिसते. या लेखात मला मुख्यतः सांगायचे आहे ते हेच: शिक्षकांनी दिलेला विचार शासनाने कायद्यात घेतला, पण तो विचार रोज अमलात आणणारा शिकलेला माणूस मात्र कायम पदावर घेतला नाही.

कायदा पाहिला तर समाजकार्याचा विजय झाला आहे असेच म्हणावे लागेल. मुले तुरुंगांत खितपत पडली आहेत हे पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेले, त्या याचिकेचे निर्णय आणि पहिला केंद्रीय बाल न्याय कायदा हे दोन्ही १९८६चे. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली, २००० साली नवा कायदा आला आणि त्याची जागा घेणारा आजचा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. या कायद्यानुसार हरवलेले, सोडून दिलेले, छळ झालेले मूल सापडल्यापासून चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे आणायचे. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती महिन्यात किमान वीस दिवस बसली पाहिजे. मुलाची सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा. गुन्ह्यात अडकलेल्या मुलासाठी बाल न्याय मंडळ. त्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या जोडीला दोन समाजकार्यकर्ते, त्यांपैकी एक तरी स्त्री. बालगृहाची तपासणी दर तीन महिन्यांनी, तीही वैद्यकीय अधिकारी आणि स्त्री सदस्य असलेल्या पथकाकडून. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे तत्त्वही कायद्यात शब्दशः आले. समाजकार्याच्या वर्गांत अनेक वर्षे शिकवले जात होते, ते कलमांत उतरले.

आता हे सगळे ठाण्याच्या लोकसंख्येवर ठेवून पाहा. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्यात १ कोटी १० लाखांहून अधिक माणसे होती; देशातला तो सर्वांत मोठा जिल्हा होता. पालघर वेगळा झाल्यावरही ८० लाखांच्या घरात लोकसंख्या उरली. एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत २०११ मध्ये सुमारे साडेबारा लाख लोक राहत होते, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यापेक्षा जास्त. कायदा मात्र दर जिल्ह्याला किमान एक समिती एवढेच सांगतो. पंधरा दिवसांत ही सामाजिक चौकशी करायची तर परिविक्षा अधिकाऱ्याने एका मुलासाठी मुंब्र्याच्या गल्लीत जायचे, दुसऱ्यासाठी कसाऱ्यापलीकडच्या पाड्यावर, आणि तिसऱ्याचे आईबाप बिहारमध्ये आहेत म्हणून तिथल्या जिल्हा बालसंरक्षण कक्षाला पत्र लिहून उत्तराची वाट पाहायची. उल्हासनगर आणि भिवंडीच्या शासकीय संस्थांत मुले अडकून राहतात, त्यामागे बहुधा क्रूरपणा नसतो. चौकशीला जायला माणूस नसतो.

कल्याण स्थानकाचा विचार वेगळा करायला हवा. कसाऱ्याकडून येणारी उत्तरेची आणि कर्जतकडून येणारी दक्षिणेची वाहतूक इथे एकत्र होते. घरातून रागावून, मारहाणीला कंटाळून, कामाच्या शोधात किंवा नुसते मुंबई पाहायला निघालेले मूल दादरला पोहोचायच्या आधी कल्याणच्या फलाटावर उतरते. फलाटावरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. त्या वेळात भेटणारा माणूस कोण आहे यावर पुढचे आयुष्य ठरते. ठाण्याच्या समतोल फाउंडेशनने हे ओळखून फलाटावरच काम उभे केले. विजय जाधव आणि त्यांचे सहकारी मुलांशी बोलतात, त्यांना बाल कल्याण समितीपुढे नेतात, कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या मामणोलीत मनपरिवर्तन शिबिर घेतात आणि मग मुलांना घरी पोहोचवतात. शिबिर दीड महिन्याचे असते. एवढा वेळ का लागतो, असे कोणी विचारेल. पळून आलेले मूल पहिल्या दिवशी खरे नाव सांगत नाही, आठवड्याने गाव सांगते, आणि घरातून का निघालो ते सांगायला त्याला त्याहून जास्त दिवस लागतात. त्याला घाईने घरी सोडले तर ते पुढच्या गाडीने परत येते. फलाटावर काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते; सरकारी हिशेबात मात्र ‘घरी पोहोचवले’ एवढाच आकडा मोजला जातो.

अशा मुलांसाठीचा फोन क्रमांकही समाजकार्याच्या वर्गातूनच निघाला. टाटा संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ साली मुंबईत चाइल्डलाइन सुरू केली. १०९८ हा क्रमांक रस्त्यावरच्या मुलांना पाठ होईल असा ठेवला. संस्थेच्या क्षेत्रकार्य प्रकल्पापासून सुरू झालेली ही सेवा देशभर गेली. २०२३ मध्ये ती शासनाने आपल्याकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन यंत्रणेशी जोडली. सरकारने जबाबदारी उचलणे तत्त्वतः योग्यच. पण फोन उचलणाऱ्या आणि धावत जाणाऱ्या स्वयंसेवी कार्यकर्त्यांकडे जो वर्षानुवर्षांचा अनुभव होता, तो हस्तांतरणाच्या कागदांत कुठे लिहिलेला नव्हता. त्यांच्या जागी आलेले जिल्हा कक्षाचे कर्मचारी कंत्राटी आहेत. २००९च्या बालसंरक्षण योजनेपासून आजच्या मिशन वात्सल्यपर्यंत योजनांची नावे बदलली. कंत्राट बदलले नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मुलगी अकरा महिन्यांच्या करारावर ठाण्यात रुजू होते, एकेका मुलाची गोष्ट समजून घेते, आणि ती रुळते न रुळते तोच दुसरीकडे बरी नोकरी शोधू लागते. तिला दोष देता येणार नाही.

दत्तक हा या चित्रातला त्यातल्या त्यात बरा कोपरा. डोंबिवलीत डॉ. कीर्तिदा प्रधान यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जननी आशिष या संस्थेने सोडून दिलेल्या अनेक बाळांना घर मिळवून दिले. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे वेळ वाचेल अशी अपेक्षा होती. मूल आणि पालक यांची जुळणी पारखणारा समाजकार्यकर्ता मात्र आजही प्रत्येक फाइलमागे लागतोच. दुसरा आशेचा कोपरा म्हणजे बालसंगोपन योजना. आई एकटी आहे, कमाई अपुरी आहे, म्हणून मूल बालगृहात टाकण्यापेक्षा त्याच्या घरीच पैसे द्यावेत असा या योजनेचा अर्थ. महिना ४२५ रुपये ही जुनी रक्कम ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० झाली. धोरण म्हणून हे मला संस्थांच्या अनुदानापेक्षा कितीतरी शहाणपणाचे वाटते. पण अनुदान महिनोन्‌महिने रखडते, आणि अर्ज मंजूर व्हायला लागणारी गृहभेट पुन्हा त्याच अपुऱ्या कर्मचाऱ्यांवर येऊन पडते.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिकेने २०१६ साली सुरू केलेली सिग्नल शाळा सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिचे कौतुक योग्यच आहे. पण तिचे यश कंटेनरच्या डब्यांत भरणाऱ्या वर्गांपेक्षा, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या कुटुंबांशी रोज बोलणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे आहे.

कवडासला पंधरा वर्षे होत असताना, एप्रिल २०२५ मध्ये कल्याण तालुक्यात टिटवाळ्याजवळच्या खडवलीत एका अनधिकृत वसतिगृहातून २९ मुलांना सोडवण्यात आले. मारहाणीच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींवरून गुन्हा दाखल झाला. प्रकरण न्यायालयात आहे, आरोपींबद्दल इथे काही म्हणणे योग्य नाही. कायद्याबद्दल मात्र म्हणता येते. मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीशिवाय संस्था चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तरीही नोंदणी नसलेली संस्था चालू राहते, कारण गावात आलेल्या ‘अनाथाश्रमा’कडे आपण पुण्यकर्म म्हणून पाहतो. वाढदिवसाला तिथे जेवण देतो, वह्या वाटतो, फोटो काढतो. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, असे विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. ते विचारायलाच हवे. देणगीदाराने पावती मागण्याच्या आधी प्रमाणपत्र मागावे.

खडवलीच्या आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घ्यायला लागलेल्या वेळाने लोक संतापले आणि २० ऑगस्टला रेल्वे रोखून धरली गेली. उच्च न्यायालयाने पुन्हा स्वतःहून दखल घेतली, पुन्हा समिती नेमली. या वेळी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली. शाळांच्या सुरक्षिततेबद्दल समितीने शिफारशी केल्या. शिफारशी चांगल्या आहेत. पण अनर्थ, न्यायालय, समिती, अहवाल, शासन निर्णय हा क्रम एकाच जिल्ह्यात दुसऱ्यांदा घडावा याची मला खरोखर चिंता वाटते. बिहारमध्येही २०१८ साली अत्याचार दिसले ते बाहेरून आलेल्यांनाच: टाटा संस्थेच्या ‘कोशिश’ प्रकल्पाने ११० संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले आणि त्यातून मुझफ्फरपूरच्या मुलींच्या आश्रयगृहातले अत्याचार बाहेर आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवरील निकालात रिक्त पदे भरण्याचे आणि बालगृहांचे सामाजिक लेखापरीक्षण करण्याचे निर्देश दिले. बाहेरून आलेल्या शिकलेल्या डोळ्यांना एका भेटीत जे दिसते, ते आतल्या व्यवस्थेला वर्षानुवर्षे दिसत नाही, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे.

तेव्हा पुढची समिती कोणत्या न्यायमूर्तींची असेल याची वाट पाहण्यापेक्षा ठाण्यात आजच करता येईल असे काही आहे. जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर. महिला व बालकल्याणासाठी प्रत्येकीच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद असते. ती शिलाई यंत्रे, मेळावे आणि प्रशिक्षण वर्गांत जाते. त्यात बालसंरक्षणाचा वाटा शोधावा लागतो. प्रभागस्तरावर बालसंरक्षण समित्या असाव्यात असे शासनाचेच धोरण आहे. या तरतुदीतून दर प्रभागाला समाजकार्याची पदवी असलेला एक पूर्णवेळ कार्यकर्ता नेमावा, त्याला कंत्राटावर न ठेवता पालिकेच्या आस्थापनेवर घ्यावे, आणि बाल कल्याण समितीला पंधरा दिवसांच्या चौकशीसाठी तो हक्काने मागता यावा. मुंबईतल्या समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी आठवड्यात ठरलेले दिवस क्षेत्रकार्य करतातच. त्यांतले काही आपल्या शिक्षकांसह उल्हासनगर-भिवंडीच्या बालगृहांत नियमाने पाठवावेत, आणि दर तिमाही तपासणीचा अहवाल, मुलांची ओळख झाकून, जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावा. कल्याण-डोंबिवलीच्या पुढच्या अर्थसंकल्पावर नगरसेवकांपुढे बोलण्याची संधी कोणाला मिळाली, तर त्याने सभागृहात पहिला प्रश्न या पदांचा विचारावा.